मुलांच्या जुन्या रेकॉर्ड: ओळख आणि मोल

माळा आवरताना गोष्टींच्या, बडबडगीतांच्या, कार्टूनच्या जुन्या रेकॉर्ड हाती लागतात आणि मग दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हे नेमकं आहे काय, आणि याचं काही येईल का? या वेळच्या पत्रांतले प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. उत्तरांत किमतीचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. आकडे सतत हलतात, ते काढायची रीत तेवढी टिकते.

प्रश्न: सहा इंची, पिवळ्याधमक प्लास्टिकच्या वीस-बावीस रेकॉर्ड सापडल्या. लेबलवर ७८ छापलंय. ७८ ची रेकॉर्ड म्हणजे शंभरीची, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर: नाही. ७८ हा वेग आहे, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे; जन्मसाल नव्हे. मोठ्यांच्या संगीतात ३३⅓ ची एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, १९४८ मध्ये आली, ४५ ची छोटी रेकॉर्ड १९४९ मध्ये, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ७८ मागे पडली. पण मुलांच्या वाट्याला घरातलं जुनं मशीन यायचं, आणि खेळण्यातले स्वस्त प्लेअरही ७८ वर फिरायचे. त्यामुळे मुलांसाठी ७८ च्या रेकॉर्ड थेट १९६० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या.

तुमच्या वर्णनावरून या बहुधा लिटल गोल्डन रेकॉर्ड्स असाव्यात. सायमन अँड शुस्टर या अमेरिकी प्रकाशन संस्थेने आपल्या स्वस्त चित्रपुस्तकांच्या जोडीला १९४८ मध्ये त्या बाजारात आणल्या: सहा इंची, पिवळं प्लास्टिक, वेग ७८, वर चित्राचं कागदी पाकीट. खप प्रचंड झाला, म्हणून आजही ढिगाने मिळतात. पाकिटाशिवायच्या सुट्या तबकड्यांना गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. पाकीट शाबूत असेल, त्यावर कुणाचं नाव खरडलेलं नसेल आणि पात्र आजही लोकांच्या ओळखीचं असेल, तरच त्या ढिगातली एखादी वेगळी काढून ठेवा.

पिवळ्या रंगावरून आणखी एक घोटाळा होतो. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ ची रेकॉर्ड आणली तेव्हा प्रत्येक संगीतप्रकाराला प्लास्टिकचा वेगळा रंग दिला होता आणि मुलांच्या वाट्याला पिवळा आला होता. ती सात इंची असते आणि मधलं भोक तब्बल दीड इंचाचं. तुमच्या रेकॉर्डचं भोक पेन्सिलीएवढं असेल तर ती ही नव्हे.

शंभरी खरोखर ओलांडलेली मुलांची रेकॉर्ड दिसायलाच निराळी असते. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याची हाताने फिरवायची खेळणी १८९० च्या सुमारास जर्मनीत कॅमर अँड राइनहार्ट या बाहुल्या बनवणाऱ्या कारखान्याने काढली. त्यांच्या तबकड्या जेमतेम पाच इंची आणि एकाच बाजूला आवाज असलेल्या. त्यानंतरची १९१७ ची 'बबल बुक्स': हार्पर प्रकाशनाची पुस्तकं, आणि पुस्तकाच्या पानांतच शिवलेल्या पाकिटांत कोलंबिया कंपनीच्या साडेपाच इंची तीन तबकड्या. यातलं काही हाती आलं तर पुसायच्या फंदात न पडता आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न: जुनी काळी रेकॉर्ड स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तर बोळा काळा झाला आणि रेकॉर्डची चकाकी गेली. मळ निघाला की रेकॉर्डच विरघळली?

उत्तर: रेकॉर्ड विरघळली. ती शेलॅकची, म्हणजे लाखेची होती. लाकडाला पॉलिश करणारे लाखदाणा स्पिरिटमध्येच विरघळवतात, तेच इथे झालं. गेलेली चकाकी परत येत नाही, कारण खाचांच्या भिंतीच मऊ होऊन बसल्या आहेत.

म्हणून आधी पदार्थ ओळखायचा, मग पुसायचं. कडेवर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. लाखेची रेकॉर्ड चिनी मातीच्या बशीसारखी टणक वाजते, हाताला जड लागते, जराही वाकत नाही, आणि कडेचा टवका उडालेला असेल तर आतून करडी, दगडासारखी दिसते, कारण लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते. व्हायनिल टिचकीला बोदा आवाज देतं आणि थोडं लवतं. तिसरं स्टायरीन. स्वस्त ४५ च्या रेकॉर्डमध्ये ते सर्रास असतं. वजनाने हलकं, न लवणारं, टिचकीला टणत्कार करणारं. त्याची लेबलं बहुधा नंतर चिकटवलेली असतात, म्हणून ती कडेने सुटू लागलेली दिसतात.

लाखेच्या रेकॉर्डला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा थेंब-दोन थेंब, एवढंच. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, लगेच टिपून उभी वाळवा. चीर गेलेली असेल तर पाणी लावूच नका. काही कंपन्यांच्या रेकॉर्डच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगतो आणि वरचा थर सुटतो. व्हायनिलला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग ऊर्ध्वपातित पाणी चालतं. स्टायरीनला साधं पाणी. पुठ्ठ्यावर किंवा चित्रावर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या रेकॉर्डला फक्त कोरडा मऊ ब्रश, बाकी काही नाही. नळाचं पाणी कशालाच नको; वाळल्यावर त्यातले क्षार खाचांत बसतात आणि सुईखाली टिकटिकतात.

प्रश्न: अल्बममध्ये तीन रेकॉर्ड आहेत. पहिलीच्या एका बाजूला भाग १ आणि पाठीमागे भाग ६. दुसरीला २ आणि ५, तिसरीला ३ आणि ४. दोन-तीन वेगवेगळ्या सेटांची सरमिसळ झालीय का?

उत्तर: सरमिसळ नाही, उलट सेट जुळलेला असल्याची ही खूण आहे. तुमचा सेट ऑटोमॅटिक चेंजरसाठी लावलेला आहे. त्या मशीनच्या दांडीवर तिन्ही रेकॉर्ड एकावर एक रचायच्या. एक संपली की वरची आपोआप खाली पडायची. अशा रीतीने १, २, ३ वाजले की सगळी चवड एकदम उलटी करून पुन्हा दांडीवर, आणि मग ४, ५, ६. साध्या मशीनसाठीच्या सेटमध्ये १-२, ३-४, ५-६ अशा जोड्या असतात. दोन्ही पद्धतींच्या तबकड्या एकाच अल्बममध्ये आल्या, उदाहरणार्थ एक १-६ आणि दुसरी ३-४ नसून ५-६, तर मात्र कुणीतरी फुटलेल्याच्या जागी दुसरी बसवली आहे.

जाता जाता: 'अल्बम' हा शब्दच इथून आला. ७८ च्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीनएक मिनिटंच मावायची, म्हणून लांब गोष्टीला तीन-चार तबकड्या लागत आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात, पाकिटांमध्ये ठेवलेल्या मिळत. डिस्नेच्या हिमगौरीवरच्या चित्रपटाची गाणी व्हिक्टरने १९३८ मध्ये अशाच तीन रेकॉर्डच्या अल्बममध्ये काढली. क्रमांक जे-८. चित्रपटाच्या मूळ ध्वनिपट्टीवरून विक्रीला आलेला पहिला अल्बम म्हणून तो ओळखला जातो आणि म्हणून केवळ मुलांच्याच नव्हे, चित्रपटसंगीताच्या संग्राहकांनाही हवा असतो. अशा अल्बममध्ये तबकडीआधी पुठ्ठ्याचा कणा आणि आतली पाकिटं तपासा. पाकिटांचा कागद कणखर नसतो, लाखेच्या वजनाने तळाशी फाटतो, आणि तबकडी कधी निसटून गेली ते कळतही नाही.

प्रश्न: कव्हरवर १९६४ असं साल आहे, पण दुकानदार म्हणतो ही नंतरची आवृत्ती. रेकॉर्ड केव्हाची ते ठरवायचं कसं?

उत्तर: दुकानदार बरोबर असू शकतो. कव्हरवरचं साल बहुधा मजकुराच्या किंवा चित्राच्या हक्काचं असतं. तुमच्या हातातली प्रत त्यानंतर पंधरा वर्षांनीही छापलेली असू शकते. मुलांच्या रेकॉर्डमध्ये हे फार होतं, कारण दर पाच-सात वर्षांनी नवी मुलं येतात आणि कंपन्या तोच माल पुन्हा काढतात. डिस्नेलँड रेकॉर्ड्सची डीक्यू-१२५७ ही भुताच्या घरातल्या आवाजांची एलपी १९६४ मध्ये पांढऱ्या कव्हरात निघाली आणि १९७३ मध्ये नारिंगी कव्हरात. क्रमांक तोच. नुसता क्रमांक शोधून पहिल्या आवृत्तीची किंमत दुसरीला लावणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

काळ ठरवायला एकच पुरावा पुरत नाही, दोन-तीन बाजूंनी पेचात धरावं लागतं. अमेरिकी रेकॉर्ड असेल तर कव्हरच्या पाठीमागचा पत्ता आधी वाचा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग, 'न्यूयॉर्क २२' अशा थाटाचा, म्हणजे मजकूर बहुधा १९६३ पूर्वीचा; पाच आकडी झिप कोड असेल तर छपाई जुलै १९६३ नंतरची. मग लेबलवर वर्तुळातला पी, म्हणजे ℗, शोधा. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं, त्यामुळे तिथल्या लेबलवर ही खूण असेल तर रेकॉर्ड साधारण त्यानंतरची. 'स्टिरिओ' हा शब्द १९५८ च्या आधी एलपीवर असणं जवळजवळ अशक्य. कव्हरवर बारकोड असेल तर १९७० च्या दशकाची अखेर किंवा त्यापुढचा काळ.

सगळ्यात भरवशाचा पुरावा कागदावर नसून प्लास्टिकवर असतो. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात नंबर कोरलेला किंवा ठोकलेला असतो, तो मॅट्रिक्स नंबर. दिव्याकडे तिरकी धरा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा आणि दोन्ही बाजूंचा, रेघा-टिंबांसकट, उतरवून घ्या. शेवटचे अंक-अक्षरं सहसा कितव्यांदा कटिंग, म्हणजे मूळ खाचांची कोरणी, झालं ते सांगतात. ब्रिटनच्या ईएमआय गटाच्या रेकॉर्डवर तर छान कोडं आहे. मॅट्रिक्स नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी धरला तर नऊच्या जागी मदरचा क्रमांक आणि तीनच्या जागी स्टँपरचा क्रमांक अक्षरांत असतो. स्टँपर म्हणजे रेकॉर्डवर खाचा दाबून उठवणारा धातूचा साचा, आणि मदर म्हणजे ज्यावरून स्टँपर बनवतात ती धातूची प्रत. ही अक्षरं ग्रामोफोन कंपनीच्या नावातली: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. 'आरटी' दिसलं तर तो २९ वा स्टँपर. आकडा जितका लहान तितकी प्रत आधीची.

प्रश्न: पुस्तक आणि रेकॉर्ड असा जोडसेट आहे. पुस्तक पूर्ण आहे की नाही हे मूळ प्रत समोर नसताना कसं कळणार?

उत्तर: पुस्तक मध्यावर उघडा, जिथे पिना दिसतात तिथे. पिनांच्या डाव्या आणि उजव्या बाजूची पानं मोजा. दोन्हीकडे सारखी असायला हवीत. एका बाजूला एक कमी असेल तर पान फाटून गेलं आहे, आणि त्याचा जोडीदार अर्धा पिनेवर कसाबसा तग धरून असेल. एक चकवा लक्षात ठेवा: अगदी मधला ताव पूर्ण निखळला तर दोन्ही बाजू सारख्याच भरतात. तो पकडायचा तर पानांचे क्रमांक पाहा, किंवा रेकॉर्ड लावून गोष्ट पुस्तकाबरोबर वाचा. या सेटांमध्ये पान उलटायची खूण म्हणून घंटी किंवा तसाच आवाज असतो. डिस्नेच्या सात इंची, ३३⅓ वेगाच्या सेटांत पुस्तक २४ पानी असतं. घंट्या वाजत राहिल्या आणि पानं संपली, तर काय ते समजलंच.

पिना गंजलेल्या असतील तर त्यांच्याभोवतीचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ झालेला असतो. पुस्तक सपाट उघडून दाबू नका. नव्या, चकचकीत पिना दिसल्या तर कुणीतरी पुस्तक पुन्हा बांधलं आहे. तेही किमतीत धरा.

आणि रेकॉर्ड त्याच पुस्तकाची आहे ना? लेबलवरचा क्रमांक आणि कव्हरवरचा क्रमांक जुळायला हवा. घरात पाच सेट आणि दोन मुलं असली की रेकॉर्ड कुठल्या कव्हरात जाईल याचा नेम नसतो. कापून उभी करायची चित्रं, पोस्टर, रंगवायची पानं असं काही मूळ सेटबरोबर असल्याचं कव्हरवर छापलेलं असेल तर तेही हवं. न कापलेली चित्रं असलेला सेट क्वचित मिळतो. मुलांनी ती कापायचीच होती.

प्रश्न: 'व्हीजी प्लस', 'एनएम' ही काय भानगड आहे? आणि प्रतवारीने किंमत किती बदलते?

उत्तर: खूप बदलते, आणि मुलांच्या रेकॉर्डमध्ये तर सगळा खेळ तिथेच आहे. अमेरिकेत गोल्डमाइन मासिकाची श्रेणी चालते: मिंट, निअर मिंट (एनएम), व्हेरी गुड प्लस (व्हीजी प्लस), व्हेरी गुड, गुड आणि खाली पुअर. निअर मिंटची किंमत १०० धरली तर व्हेरी गुड प्लसला साधारण ५०, व्हेरी गुडला २५, गुडला १० ते १५ आणि पुअरला शून्य ते पाच. नावांवर जाऊ नका. 'गुड' म्हणजे चांगली नव्हे, 'गुड' म्हणजे खरखरते पण सुई पुढे सरकते. ब्रिटिश पद्धतीत मिंटच्या खाली 'एक्सलंट' येतं, त्यामुळे दोन देशांतल्या विक्रेत्यांचं 'व्हेरी गुड' एकसारखं धरू नये.

तबकडी आणि कव्हर यांची प्रत वेगवेगळी लिहायची, आधी तबकडी. समजा तबकडी व्हेरी गुड प्लस आहे आणि कव्हर गुड. मोठ्यांच्या संगीतात गिऱ्हाईक तबकडीकडे पाहून पैसे देईल. मुलांच्या रेकॉर्डला तसं होत नाही. इथे लोक चित्रासाठी, पुस्तकासाठी, लहानपणी हातात धरलेल्या त्या वस्तूसाठी घेतात, ऐकणं दुय्यम. म्हणून कव्हर गुड असेल तर ५० ची आशा न धरता २० ते २५ चाच हिशेब करावा.

तपासताना ट्यूबलाइट उपयोगाची नाही, एकच बल्ब घ्या. रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीला आणून तिरकी करत सावकाश फिरवा. नखाला लागतो तो चरा ऐकू येणार, नखाला न लागणारा बहुतेक वेळा येत नाही. पण मुलांच्या रेकॉर्डला खरा मार चऱ्यांचा नसतो. चकचकीत काळ्यामध्ये करडे, मळकट पट्टे दिसतात का पाहा, विशेषतः जिथे आवाज मोठा असतो तिथे. खेळण्यातल्या प्लेअरचा जड हात आणि वर्षानुवर्षं न बदललेली बोथट सुई यांनी खाचांच्या भिंती घासल्या गेल्या की असे पट्टे पडतात. एकही चरा नसलेली अशी रेकॉर्ड लावल्यावर फाटल्यासारखी वाजते आणि कितीही धुतली तरी सुधारत नाही. मग भोकाभोवती पाहा. लेबलवर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर कुणीतरी अंदाजाने दांडी शोधत रेकॉर्ड शेकडो वेळा ठेवलेली आहे. विक्रेता 'एकदाच वाजवलेली' म्हणत असेल तर या रेघांकडे बोट दाखवा.

प्रश्न: कव्हरवर रंगखडूची चित्रं, नाव आणि सेलोटेप. काढू का?

उत्तर: नाव राहू द्या. बॉलपेन खोडायला गेलात तर छपाई उडते. मेणाचा रंगखडू गुळगुळीत, लॅमिनेट केलेल्या कव्हरवरून कोरड्या मऊ कापडाने थोडाफार निघतो. साध्या कागदावर तो आत मुरलेला असतो. सेलोटेपचा डिंक तपकिरी झाला असेल तर डाग कायमचा, आणि टेप ओढली तर कागदाचा पापुद्रा सोबत येतो. किमतीची जुनी चिठ्ठी हेअर ड्रायरने दुरून कोमट करून, कागदाशी जवळजवळ समांतर धरून सावकाश सोलता येते. तरी विकायचीच असेल तर आहे तशी विका. जुन्या दुकानाची चिठ्ठी काही संग्राहकांना आवडते, खरवडलेला डाग कुणालाच नाही.

प्रश्न: चार विचित्र वस्तू: आरपार चित्र असलेली जड रेकॉर्ड, लेबलभोवती गोल रचलेली कार्टूनची चित्रं, खोक्यातून कापलेली पुठ्ठ्याची रेकॉर्ड, आणि उंचवटे असलेल्या जाड रंगीत प्लास्टिकच्या चकत्या. यांत काही मोलाचं?

उत्तर: पहिली दहा इंची असेल आणि हाताला अनपेक्षित टणक लागत असेल तर लेबलच्या जागी 'व्होग' हे नाव शोधा. डेट्रॉइटच्या सॅव्ह-वे इंडस्ट्रीजने १९४६-४७ अशी जेमतेम वर्षभर या चित्र-रेकॉर्ड काढल्या. आत अ‍ॅल्युमिनियमची चकती असते, म्हणून त्या वाकत नाहीत. काही मुलांसाठीच्या आहेत. कडेला प्लास्टिक सुटून बुडबुडे आले असतील तर किंमत घसरते.

दुसरी 'रेड रेव्हन' या नावाची असावी, १९५६ पासूनची. मधोमध १६ आरशांचा छोटा मनोरा ठेवायचा. रेकॉर्ड ७८ वर फिरली की आरशांत चित्रं हलताना दिसतात. नुसती रेकॉर्ड मिळते, आरशाचा मनोरा मिळणं अवघड, आणि मोल त्या जोडीलाच.

तिसरी न्याहारीच्या सीरिअलच्या खोक्यावरची. कापताना कडा तिरकी गेली तरी चालते, पण घडी पडलेली नको. न कापलेलं संपूर्ण खोकं असेल तर ते कापण्याचा विचारही करू नका.

चौथी वस्तू रेकॉर्ड नव्हेच. फिशर-प्राइसच्या १९७१ मध्ये आलेल्या म्युझिक बॉक्सच्या त्या चकत्या. उंचवटे धातूच्या पट्ट्या छेडतात, आवाज चकतीत नसतोच. पाच चकत्या आणि चालू मशीन मिळून खेळण्यांच्या बाजारात विकावं. मशीन बॅटरीवर चालणारं असेल तर ती खूप नंतरची नक्कल. जुनं चावीचं असतं.

प्रश्न: इंटरनेटवर माझ्या रेकॉर्डची किंमत एका ठिकाणी दहापट दिसते. कुठली खरी?

उत्तर: मागितलेली किंमत खरी नसते, विकली गेलेली खरी. डिस्कॉग्ज या रेकॉर्डची यादी आणि विक्री असलेल्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या पानावर आजवरच्या विक्रीतली सगळ्यात कमी, मधली आणि सगळ्यात जास्त किंमत दिलेली असते. मधली धरा, तीही आवृत्ती मॅट्रिक्स नंबरसकट जुळवल्यावरच. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकलेल्या वस्तू' अशी चाळणी लावा. गेल्या वर्षभरातल्या निदान पाच विक्री मिळाल्या तर अंदाज बरा. एकच चढी विक्री दिसली तर दोन हट्टी माणसं त्या दिवशी समोरासमोर आली होती, एवढंच समजा.

गिऱ्हाईक कोण आहे यावर बाकीचं ठरतं. दोन वेगळ्या छंदांची माणसं एकाच वस्तूमागे असली की भाव चढतो. पीटर पॅन कंपनीच्या 'पॉवर रेकॉर्ड्स' या नावाने १९७० च्या दशकात सुपरहिरोंचे कॉमिक आणि ४५ ची रेकॉर्ड असे सेट निघाले. ते रेकॉर्डवाल्यांपेक्षा कॉमिकवाले जास्त घेतात, आणि कॉमिकच्या कोपऱ्यांची प्रत लावतात. फोकवेज कंपनीच्या मुलांच्या एलपी लोकसंगीताचे अभ्यासक घेतात. मुलांसाठी गाणाऱ्या एला जेन्किन्सची पहिली १९५७ ची. फोकवेजच्या कव्हराच्या खिशात छापील पुस्तिका असते, ती नसेल तर सेट अपुरा. ही कंपनी आपली रेकॉर्ड यादीतून सहसा काढत नसे, त्यामुळे तीच एलपी दशकानुदशकं छापली गेली आहे. आवृत्ती नीट पाहा.

उलट, लोकप्रिय कार्टूनची गाणी अनाम गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या स्वस्त एलपी, कव्हरवर पात्राचं चित्र मोठं आणि गाणाऱ्याचं नाव कुठेच नाही अशा, रास घातली तरी कुणी उचलत नाही. त्या मुलांना वाजवायला द्या.

प्रश्न: मला विकायच्या नाहीत, ऐकायच्या आहेत. आजच्या प्लेअरवर लावू?

उत्तर: वेग आणि सुई दोन्ही जुळत असतील तर. ७८ च्या खाचा रुंद असतात, त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. स्टिरिओ एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. ती ७८ च्या खाचेत तळाशी घासत जाते, मळ उकरते आणि खरखर वाढवते. बऱ्याच कार्ट्रिजना, म्हणजे सुई बसवायच्या भागाला, ७८ ची वेगळी सुई मिळते, तीच बसवा. प्लास्टिकच्या ७८ लाही हाच नियम. त्या चुकूनही चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर, पोलादी पिनेखाली ठेवू नका. त्या साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचं, वजन लाखेच्या, दगडाची भुकटी घातलेल्या रेकॉर्डसाठी आहे. मऊ प्लास्टिक एका फेरीत नांगरलं जातं.

बाक आलेली पुठ्ठ्याची रेकॉर्ड घसरत असेल तर लेबलजवळ एक छोटं नाणं ठेवा, आणि खाली एखादी जाड एलपी आधाराला. ठेवताना सगळ्या उभ्या ठेवा, एकीवर एक नको. जुन्या जाड पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या काढून टाका, त्यातून सुटणारा अंश व्हायनिलवर धुरकट डाग पाडतो आणि तो जात नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या वापरा.

प्रश्न: टपालाने पाठवायची आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: तबकडी कव्हरातून बाहेर काढा. आत ठेवली तर खोक्याला धक्का बसताच तिची कडा आतून कव्हरची शिवण फाडते. तबकडी आतल्या कागदी पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवा, दोन्ही मिळून एका बाहेरच्या पिशवीत, आणि दोन्हीकडून रेकॉर्डपेक्षा दोन बोटं मोठे असे ताठ पुठ्ठे लावून चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्यांवर मारा. लाखेची असेल तर हा गठ्ठा आणखी मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी किमान चार बोटं भर घालून. खोकं हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.